हौसेचे मोल

'हौसेला मोल नाही' असे आपण सहज म्हणून जातो. हा 'हौस' शब्द मूळचा अरबी. तिकडची 'हवस' मराठीत येऊन 'हौस' झाली. तिच्यातली लालसा गळून गेली आणि ओढ तेवढी उरली. या ओढीला विज्ञानाच्या दरबारात काय मोल मिळाले, त्याची ही हकीकत.

१९३६ साली रुडी मांडल नावाचे एक चेक अभियंते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आइन्स्टाईन यांना जाऊन भेटले. खगोलशास्त्र हा मांडल यांचा पेशा नव्हता, छंद होता. त्यांचे म्हणणे असे की, गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो. मग दूरच्या ताऱ्याच्या नेमका समोर दुसरा तारा आला, तर तो भिंगासारखे काम करील आणि मागचा तारा अधिक प्रखर दिसेल. हे गणित करून छापा, असा लकडाच त्यांनी लावला. त्याच वर्षी डिसेंबरात आइन्स्टाईन यांनी 'सायन्स' नियतकालिकात छोटे टिपण छापले. पण असा योग प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची फारशी आशा नाही, असेही त्यात लिहिले. संपादकांना पाठवलेल्या पत्रात तर त्यांनी कळवले, की या टिपणाला विशेष किंमत नाही, त्या बिचाऱ्याला मात्र बरे वाटेल.

पन्नास वर्षांनी, १९८६ साली, बोहदान पाचिन्स्की या पोलिश खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, लाखो ताऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवली तर हा योग सापडू शकतो. १९९१ मध्ये त्यांनी आणि शुड माओ यांनी पुढचे पाऊल टाकले. समोरच्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल, तर प्रकाशाच्या चढउतारात त्याचीही खूण उमटेल! हजारो प्रकाशवर्षे दूरचा, कोणत्याही दुर्बिणीतून न दिसणारा ग्रह अशा रीतीने ओळखता येणार होता. १९९२ पासून वॉर्सा विद्यापीठाच्या 'ओगल' प्रकल्पाने चिलीतील लास कँपानास येथून हे निरीक्षण सुरू केले.

अडचण एकच होती. ताऱ्याचा प्रकाश काही आठवडे वाढत-उतरत राहतो. पण ग्रहाची खूण काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत उमटून पुसली जाते. ती पुन्हा कधीही दिसत नाही. चिलीत सूर्य उगवला की तिथली दुर्बीण आंधळी. त्या वेळी न्यूझीलंडमध्ये बरीच रात्र शिल्लक असते. पण मोठ्या दुर्बिणींचा वेळ कित्येक महिने आधी वाटलेला असतो. ऐनवेळी हाक मारली तर धावून येणार कोण? ज्याची दुर्बीण स्वतःची, तो. हे ओळखून ओहायो राज्य विद्यापीठाचे अँड्र्यू गूल्ड यांनी आपल्या 'मायक्रोफन' या जाळ्यात हौशी निरीक्षकांना सामावून घेतले.

मार्च २००५ मध्ये 'ओगल'चे प्रमुख आंद्रे उदाल्स्की यांना असाच एक तारा उजळताना दिसला. एप्रिलमध्ये तो ऐन भरात आला, तेव्हा प्रकाशाच्या आलेखाला एक नव्हे, दोन शिखरे दिसू लागली. ऑकलंडमध्ये ग्रँट ख्रिस्ती १४ इंची दुर्बिणीवर बसले होते. त्याच शहरात जेनी मॅकॉर्मिक घर, मूल आणि नोकरी सांभाळून परसातल्या १० इंची दुर्बिणीने छायाचित्रे घेत होत्या. काम कंटाळवाणे होते: रात्रभर एकाच जागेची छायाचित्रे घ्यायची, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून प्रकाश मोजायचा आणि आकडे पाठवायचे. चिलीच्या दिवसाने पाडलेली भोके या आकड्यांनी बुजवली. गुरूच्या तिपटीच्या आसपास वस्तुमानाचा ग्रह सिद्ध झाला आणि शोधनिबंधाच्या लेखकांत प्राध्यापकांच्या पंक्तीला या दोघांचीही नावे छापली गेली. आभाराच्या तळटीपेत नव्हे, लेखक म्हणून. २००६ मध्ये अशाच निरीक्षणांतून सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याभोवती गुरू-शनीसारखी ग्रहांची जोडी सापडली. २००८ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातही हौशी निरीक्षक सहलेखक होते.

पुढे २०१५ मध्ये दक्षिण कोरियाने चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथे तीन दुर्बिणी उभारल्या. एकीकडे उजाडले की दुसरी पाहू लागते. परसातल्या दुर्बिणींनी जी गरज भागवली होती, तिच्यासाठी सरकारी तिजोरी उघडली. पण त्यामुळे हौशी मंडळी घरी बसली नाहीत. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किंचित मंदावतो, त्या वेळा टिपण्याचे काम ती करतात. युरोपच्या 'एरियल' या नियोजित अंतराळ दुर्बिणीला कोणत्या घटकेला कुठे पाहायचे, हे त्यांच्या नोंदींमुळे अचूक कळणार आहे.

भिंगाच्या या पद्धतीने आजवर दोनशेहून अधिक ग्रह सापडले आहेत. 'विशेष किंमत नाही' म्हटलेल्या त्या टिपणाची ही किंमत. आइन्स्टाईन यांनी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे केली होती. टिपणाच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी मांडल यांचे नाव घेतले आणि हे गणित त्यांच्याच आग्रहावरून केल्याचे सांगितले. ते नाव तिथे आजही आहे.