साडेपाच फुटांचं भांडण आणि भिंतीवरचा टीव्ही

टीव्ही किती उंचीवर लावायचा हा प्रश्न तसा पाच मिनिटांचा. बॉक्स येतो, मागोमाग ड्रिल घेऊन टेक्निशियन येतो, ब्रॅकेट भिंतीला धरतो आणि विचारतो, "साहेब, इथे ठीक आहे का?" आपण म्हणतो, "हो, चालेल." चार भोकं पडतात आणि पुढची सात-आठ वर्षं अख्खं घर त्या उत्तराकडे मान वर करून बघत बसतं.

याच प्रश्नावरून एका मोठ्या चित्रकाराने देशातल्या सगळ्यात प्रतिष्ठेच्या संस्थेत चित्रं लावणं कायमचं बंद केलं होतं, हे सांगितलं तर पटेल? या शनिवारी त्याचीच गोष्ट.

साल 1784, गाव लंडन. 1768 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अ‍ॅकॅडमीचं वार्षिक प्रदर्शन सॉमरसेट हाऊसमधल्या 'ग्रेट रूम'मध्ये भरायचं. उंचच उंच खोली, वरून येणारा उजेड, आणि भिंती खालपासून छतापर्यंत चित्रांनी गच्च भरलेल्या. फ्रेमला फ्रेम चिकटून. साधारण आठ फुटांवर भिंतीला एक आडवी पट्टी होती, तिला नुसतं 'द लाइन' म्हणत. नियम असा, की पूर्णाकृती व्यक्तिचित्रं या पट्टीच्या वर लावायची. म्हणजे चित्राची खालची कड आठ फुटांवर, आणि चेहरा कुठे असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

थॉमस गेन्सबरो हा अ‍ॅकॅडमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. त्याने त्या वर्षी राजाच्या तीन थोरल्या मुलींचं पूर्णाकृती चित्र पाठवलं. सोबत चिठ्ठी: हे चित्र मी हलक्या, नाजूक उजेडात रंगवलंय, ते साडेपाच फुटांपेक्षा वर लावायला माझी संमती नाही, कारण त्याहून वर चेहऱ्यातलं साम्य आणि हाताचं काम दिसणारच नाही. तसं जमत नसेल तर बाकीची चित्रंही परत द्या.

समितीने काय केलं? नियमावर बोट ठेवलं आणि चित्रं परत पाठवली. (प्रोसेस म्हणजे प्रोसेस!) गेन्सबरोने मग पॅल मॅलवरच्या आपल्या राहत्या घरातच, शोंबर्ग हाऊसमध्ये, स्वतःचं प्रदर्शन भरवलं. 1788 मध्ये तो वारला, तोपर्यंत अ‍ॅकॅडमीत त्याने पुन्हा एकही चित्र लावलं नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात ते चित्र खालून कापलं गेलं आणि पूर्णाकृतीचं अर्धाकृती झालं. एका दारावरच्या जागेत बसवायला ते कापलं अशी हकीकत सांगतात. खरी असेल, तर ज्या उंचीसाठी माणूस भांडला त्याहून वर ते जाऊन बसलं!

मला यात रस आहे तो एका कारणासाठी. समितीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेकडो चित्रं, चारच भिंती, कुठला तरी नियम हवाच. पण तो नियम भिंतीच्या सोयीचा होता. गेन्सबरो बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या बाजूने बोलत होता. भिंतीवर काहीही लावताना हे दोन पक्ष असतातच, आणि बहुतेक वेळा भिंत जिंकते.

आता आपल्याकडे या. जुन्या घरांत भिंतीवर वरच्या अंगाला काय असायचं? देवांच्या तसबिरी, पणजोबांचा फोटो. खालची कड पट्टीवर टेकलेली, वरची दोरीने खिळ्याला, आणि फ्रेम पुढे झुकलेली. ग्रेट रूममधली वरची चित्रंही अशीच झुकवलेली असत. उंचावर लावलं की पुढे झुकवावं लागतं, हे दोन्हीकडे न शिकवता कळलं होतं. आपल्या फोटोंना ती उंची शोभायची, कारण त्यांच्याकडे तास तास बघत बसायचं नव्हतं, येता-जाता नमस्कार करायचा होता. उंची म्हणजे मान.

टीव्हीचं तसं नव्हतं. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि घरात आली ती शटरवाली लाकडी पेटी. पिक्चर ट्यूबमध्ये मागून येणारा इलेक्ट्रॉनचा झोत पडदाभर फिरवायला खोली लागते, म्हणून टीव्हीला ते मोठं पोट आणि ते वजन. भिंतीवर टांगायचा प्रश्नच नाही, तो टेबलावर बसणार. 1987 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा अर्धी चाळ समोर सतरंजीवर, म्हातारी माणसं मागे खुर्च्यांवर. उंची कोणी ठरवली नव्हती, फर्निचरने आपोआप ठरवली होती, आणि ती बरी होती. शिवाय पडदा लहान. एकवीस इंची टीव्हीचं चित्र जेमतेम फूटभर उंच. आठ फुटांवरून ते डोळ्यांत सात अंश जागा व्यापतं. थोडं वर-खाली झालं तरी चालून जायचं.

सपाट पडद्याची गोष्ट सुरू होते 1964 मध्ये. इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी प्लाझ्मा डिस्प्ले बनवला, तोही टीव्हीसाठी नव्हे, प्लेटो नावाच्या शिकवणाऱ्या कॉम्प्युटरच्या टर्मिनलसाठी. (बघा, इथेही आपलीच जमात!) घरात टांगता येईल असा 42 इंची टीव्ही अमेरिकेत दुकानात आला तो 1997 च्या सुमारास, किंमत जवळपास 15 हजार डॉलर. पुढे एलसीडी आले, किमती उतरल्या, टीव्ही टेबलावरून सुटला आणि भिंतीवर गेला.

तिथे कुठली जागा मिळाली? अमेरिकेत फायरप्लेसच्या वरची, जिथे आधी मोठं चित्र असायचं. आपल्याकडे पणजोबांच्या फोटोची. थोडक्यात, तास तास बघायच्या वस्तूला मान द्यायच्या वस्तूची उंची मिळाली. लेगसी व्हॅल्यू कॉपी-पेस्ट झाली, रिक्वायरमेंट कोणी विचारलीच नाही.

त्यात आणखी एक गंमत. म्युझियममध्ये चित्राचा मध्य साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवायची पद्धत आहे. ही उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. टीव्ही लावतानाही खोलीतले सगळे जण उभे असतात! टेक्निशियन उभा, तुम्ही उभे. निर्णय उभ्याने होतो आणि वापर बसून.

आता आकडे. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण 40-42 इंचांवर येतात, मांडी घालून खाली बसलं की 30 च्या आसपास. 55 इंची टीव्हीचा पडदा 27 इंच उंच. मध्य 42 वर ठेवला तर खालची कड येते साडेअठ्ठावीस इंचांवर. बहुतेकांना हे भलतंच खाली वाटतं. पण मध्य 60 वर नेला तर आठ फुटांवर सोफ्यावर बसलेल्याला पडद्याची वरची कड बघायला 18 अंश वर बघावं लागतं, आणि खाली बसून शेंगा सोलणाऱ्या आजीला 24 अंश. टीएचएक्सच्या शिफारशीत वर बघण्याची मर्यादा आहे 15 अंश. मध्य 42 वर असेल तर आजीलाही साधारण 15 च येतात. ऑफिसात मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी म्हणून आपण खुर्ची वरखाली करतो, आणि घरी येऊन तीन तास आकाशदर्शन!

वर लावायची खरी कारणंही असतात. घरात बॅट-बॉल खेळणारं कार्टं असेल, किंवा बेडरूममध्ये आडवं पडून बघायचं असेल, तर वर लावा. पण मग झुकणारं ब्रॅकेट घ्या, आपल्या आजोबांच्या खिळा-दोरीसारखं. 'बिल्डरने पॉइंट तिथे दिलाय' हे मात्र कारण नव्हे. ती अ‍ॅकॅडमीची पट्टी झाली. वायर दोन फूट खाली आणायला इलेक्ट्रिशियनचा अर्धा दिवस पुरतो.

सोपा उपाय: टीव्हीच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन-चार दिवस राहू द्या. घरातल्या प्रत्येकाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवून विचारा, खाली बसणाऱ्यांना आधी. मग मापं घ्या. (ब्रॅकेटची भोकं टीव्हीच्या बरोबर मध्यावर असतीलच असं नाही, तेही मोजा.)

गेन्सबरोचं कोणी ऐकलं नाही, कारण भिंत त्याची नव्हती. तुमची आहे, आणि बहुधा वीस वर्षांचा हप्ताही तुम्हीच भरताय. तेव्हा "इथे ठीक आहे का?" असं विचारलं की लगेच हो म्हणू नका. आधी खाली बसा.