शोधाची वाट आणि पुराव्याची पारख

बेळगावहून चोर्ले घाटाने गोव्याकडे जाताना खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव लागते. या गावचा इतिहास जाणून घ्यावा असे एखाद्या जिज्ञासूच्या मनात आले, तर आज तो प्रथम गूगलवर गावाचे नाव टंकून पाहील. क्षणार्धात उत्तरे पुढे येतील. परंतु मळणी झाली म्हणजे धान्य हाती आले असे नव्हे. उफणणी व्हावयाचीच असते.

प्रथम शोधाचा विचार करू. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी ठरले. तेव्हा केवळ आजची नावे घालून शोधणाऱ्यास १८८४ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड हुकण्याचा संभव आहे. म्हणून जुनी नावे घालून, इंग्रजी अमदानीतील वर्णलेखन वापरून, मराठी आणि कानडी अशा दोन्ही लिप्यांतून शोध घ्यावा. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातला, तर नेमक्या त्याच शब्दांचा शोध घेता येतो.

आता पारखीचा प्रश्न. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने पानांचा क्रम लावताना, त्या पानाकडे इतर किती व कोणती पाने निर्देश करतात, हे एक मोठे गमक मानले. हे गमक प्रसिद्धीचे आहे, सत्याचे नव्हे. एकाच मजकुराच्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत, साक्षीदार एकच.

ही अडचण जुनीच आहे. याच तालुक्यातील हलशी, म्हणजे कदंबांची पलाशिका, येथे सापडलेले संस्कृत ताम्रपट फ्लीट यांनी संपादून प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेल्या याच विद्वानाने १९०१ साली बनावट लेखांवर स्वतंत्र निबंध लिहिला. अक्षरांचे वळण लेखातील काळाशी जुळते काय, वंशावळ इतर लेखांशी मिळते काय, तिथी आणि वार गणिताने एकत्र येतात काय, अशा कसोट्यांवर ताम्रपट पारखले जात. गुप्तलेखांच्या कालगणनेत फ्लीट यांना शंकर बाळकृष्ण दीक्षित या मराठी ज्योतिर्विदाचे मोलाचे साहाय्य झाले होते. धातू तांब्याचा आहे, एवढ्यावरून लेख खरा ठरत नाही, हा या परीक्षेचा धडा.

पडद्यावरील मजकुरासही याच कसोट्या लावाव्यात. लिहिणारा कोण? त्याने मूळ साधन सांगितले आहे काय? ते साधन घटनेच्या किती जवळचे? स्वतंत्र असा दुसरा पुरावा त्यास दुजोरा देतो काय?

सीमाभागात हा विवेक विशेष अगत्याचा आहे. येथे इतिहासाचे एखादे वाक्य दोन भाषिकांत कटुता वाढवू शकते. म्हणून आपल्या बाजूचे वाटणारे वाक्य अधिक कठोरपणे तपासावे. खोट्या पुराव्याने खरी बाजूही दुबळी होते.