शर्यतीच्या आरंभीचा न्याय

घोड्यांच्या शर्यतीत न्याय होतो कोठे, असे विचारले, तर शेवटच्या खांबापाशी, असे उत्तर बहुतेक वाचक देतील. पंच तेथे बसतात, छायाचित्र तेथे घेतले जाते, आणि नाकाएवढ्या अंतराचा निवाडाही तेथेच होतो. परंतु या खेळाचा इतिहास चाळला म्हणजे असे दिसून येते की, त्यातील कित्येक कडू तंटे शेवटाविषयी नसून आरंभाविषयी आहेत; आणि त्यांतही घोडे सुटण्यास जो उशीर होतो, त्याविषयी आहेत.

उशीर तर सर्वांनाच सारखा, मग त्यात अन्याय कसला, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर घोड्याच्या स्वभावात सापडते. खांडबाऱ्याच्या आसपासच्या मुलखात सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतील घोडेबाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. तापीकाठच्या त्या बाजारात बांधून ठेवलेल्या जनावरांकडे जरा निरखून पाहावे. एक घोडा डोळे अर्धवट मिटून स्वस्थ उभा असतो. शेजारचा खूर आपटीत, दोरास हिसके देत, घामाने निथळत असतो. घड्याळाने पाहिले तर दोघांचाही तास सारखाच गेला. अंगातील बळ मात्र सारखे खर्च झाले नाही. शर्यतीसाठीच वाढविलेल्या तापट जातीच्या घोड्यांत तर हा भेद फारच वाढतो. तेव्हा समान उशीर म्हणजे समान भार, असे समजणे चुकीचे होय.

एकाच क्षणी सुटणे म्हणजे समान संधी नव्हे, हे प्राचीन ग्रीकांनी ओळखले होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने ऑलिंपिया येथील आरंभस्थानाचे वर्णन करून ठेवले आहे. ते जहाजाच्या नाळेच्या आकाराचे असे. दोन्ही बाजूंच्या ठाण्यांपैकी कोणते कोणाच्या वाट्याला यावे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवीत. काशाचा गरुड वर उसळला आणि काशाचा डॉल्फिन मासा खाली आला म्हणजे दोर सुटू लागत. परंतु ते एकदम सुटत नसत. सर्वांत मागल्या ठाण्यांचे आधी सुटत. तेथले घोडे पुढल्या ठाण्यांशी येऊन भिडले म्हणजे त्यांचे दोर सुटत. आणि असे होता होता नाळेच्या टोकाशी सर्व एका रांगेत येत. येथे उशीर हेच न्यायाचे साधन केले होते. मात्र तो कोणाच्या लहरीवर अवलंबून नव्हता. यंत्राच्या रचनेतच बांधलेला होता.

आधुनिक शर्यतीचे माहेरघर जे इंग्लंड, तेथे हे शहाणपण पुष्कळ काळ दिसत नाही. घोडे कसेबसे एका ओळीत आणावयाचे आणि अधिकाऱ्याने तोंडाने हुकूम द्यावयाचा, अशी तेथील रीत होती. तिचा परिणाम 1827 च्या सेंट लेजर शर्यतीत दिसला. त्या वर्षी डर्बी जिंकलेला मॅमेलूक हा घोडा जॉन गली याने चार हजार गिनींना विकत घेऊन डॉन्कास्टरला आणला होता. आरंभ पुन्हा पुन्हा फसला. स्वभावाने तापट असलेला मॅमेलूक प्रत्येक वेळी अधिकच बिथरत गेला. आणि शेवटी हुकूम झाला तेव्हा तो पुष्कळ मागे राहिला. तरीही त्याने दुसरा क्रमांक पटकावला; मटिल्डा ही घोडी जिंकली. अधिकारी फितूर होता, असा बोभाटा झाला. तो खरा असो वा खोटा. उशिराचे माप ज्याच्या हाती, त्याच्या हाती निकालही असू शकतो, हे त्या दिवशी उघड झाले.

पुढे लॉर्ड जॉर्ज बेंटिंक याने निशाणाची पद्धत रूढ केली. 1890 नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात आडव्या दोऱ्या वर उडविणारे यंत्र आले. 1939 मध्ये क्ले प्युएट याने व्हँकूव्हर येथे प्रत्येक घोड्यास स्वतंत्र कप्पा देणारे आणि सर्व दारे एकदम उघडणारे स्टार्टिंग गेट वापरात आणले. इंग्लंडने ते 1965 मध्ये स्वीकारले. तथापि प्रत्येक साधनाने जुना दोष घालवून नवा आणला. 3 एप्रिल 1993 रोजी ग्रँड नॅशनल शर्यतीत निदर्शकांमुळे उशीर झाला, भिजलेल्या दोऱ्या नीट उडाल्या नाहीत, आणि दुसरा आरंभही फसला. परतण्याची खूण न उमगल्याने 39 पैकी 30 स्वार तसेच पुढे निघाले. अखेर शर्यत रद्द ठरली. एशा नेस या घोड्याने शेवटचा खांब प्रथम गाठला होता; तो विजय कोठेच नोंदला गेला नाही. कप्प्यांच्या गेटातही जो घोडा आधी आत जातो, त्यालाच अधिक वेळ कोंडून राहावे लागते. शेवटी शिरणारा लगेच सुटतो.

आपल्याकडे मुंबईचा टर्फ क्लब 1802 मध्ये स्थापन झाला. भायखळ्याच्या शर्यती 1883 मध्ये महालक्ष्मीला गेल्या. पहिली इंडियन डर्बी 1943 मध्ये झाली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ होय, निव्वळ नशिबाचा नव्हे, असा निर्णय दिला. या निर्णयाने आरंभाची जबाबदारी वाढते. कारण घोडेस्वाराचे कौशल्य दार उघडण्यापूर्वीच वाया गेले, तर उरते ते नशीबच. पुणे जिल्ह्यातील घाटांवरच्या बैलगाडा शर्यतीत ही अडचण वेगळ्याच रीतीने टळते. तेथे एका वेळी एकच गाडा धावतो आणि त्याचा वेळ मोजला जातो. एकाच्या अडेलपणाची शिक्षा त्याच क्षणी शेजाऱ्यास भोगावी लागत नाही.

घोडे जेथे एकत्र धावतात, तेथे उशीर पुरता टाळणे शक्य नाही. पण आत शिरण्याचा क्रम आधी जाहीर असावा, अडून बसलेल्या घोड्यासाठी किती थांबावयाचे ती मर्यादा ठरलेली असावी, ती ओलांडताच त्याला वगळून त्याच्यावरील पैसे परत करावेत, एवढे मनुष्याच्या हाती आहे. हाच हिशेब शर्यतीच्या मैदानाबाहेरही लागू पडतो. कोर्टातील तारीख पुढे गेली म्हणजे दोन्ही पक्षकारांचे दिवस सारखेच जातात. पण ज्याची मजुरी बुडते आणि ज्याचे भाडे चालू राहते, त्या दोघांना तो उशीर सारखा पडत नाही. न्याय करू म्हणणाऱ्याने, किती वेळ गेला एवढेच न पाहता, तो कोणाच्या अंगावर गेला हेही पाहिले पाहिजे.