फक्त महिलांची उमेदवार यादी : ब्रिटनमधला वाद आणि आपल्याकडचं तिकीटवाटप

निवडणूक जवळ आली की महिलांना तिकीट देण्याची घोषणा बहुतेक पक्ष करतात. ते तिकीट निवडून येणाऱ्या जागेचं आहे की पडणाऱ्या, हे मात्र कुणी सांगत नाही. ब्रिटनच्या लेबर पक्षाने याच दुखण्यावर एक उपाय काढला आणि त्यावरून अनेक वर्षं वाद चालला.

पद्धत काय होती?

ब्रिटनमध्ये इच्छुकांमधून आधी मोजक्या नावांची यादी निघते आणि मतदारसंघातले पक्ष सदस्य त्यातून उमेदवार निवडतात. काही ठिकाणी या यादीत फक्त महिलाच ठेवायच्या, असं लेबरने १९९३ मध्ये ठरवलं. त्यासाठी पक्षाचा खासदार निवृत्त होत असलेल्या हक्काच्या जागा आणि थोड्या मतांनी हुकलेल्या जागा धरल्या, दोन्हींतल्या निम्म्या. मतदारसंघ राखीव नव्हता. इतर पक्षांना पुरुष उभा करायला मोकळीक होती.

कोर्टकचेरी आणि कायदा

दोन पुरुष इच्छुक लवादाकडे गेले. १९९६ मध्ये ही पद्धत १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यात बसत नाही, असा निकाल लागला. तोवर निवड झालेल्या महिला मात्र उमेदवार राहिल्या. १९९७ मध्ये लेबरच्या महिला खासदार ३७ वरून १०१ झाल्या. २००१ ला ही पद्धत नव्हती, तेव्हा सभागृहातल्या एकूण महिला १२० वरून ११८ वर आल्या. त्यानंतर २००२ मध्ये नवा कायदा आला. त्याने पक्षांना अशी यादी करायची मुभा दिली, सक्ती केली नाही. ही मुदत पुढे २०३० पर्यंत वाढवली गेली.

विरोध कशाला?

पहिला आक्षेप गुणवत्तेचा. दुसरा त्याहून बोचरा होता : वरून यादी लादली की स्थानिक कार्यकर्त्याचा हक्क जातो. वेल्समधल्या ब्लायनाय ग्वेंट या लेबरच्या बालेकिल्ल्यात २००५ ला हाच राग फुटला. तिथले स्थानिक नेते पीटर लॉ पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले. आधी १९ हजारांवर मताधिक्य असलेली जागा त्यांनी नऊ हजारांच्या फरकाने हिसकावली.

समर्थकांचं म्हणणं सरळ होतं. हक्काची जागा वर्षानुवर्षं एकाच खासदाराकडे असते. ती रिकामी झाली की तिथेही पुरुषच पुढे केला, तर महिलांचा नंबर लागणार कधी?

२०१९ नंतर लेबरच्या खासदारांत महिला निम्म्याहून जास्त झाल्या. कमी प्रतिनिधित्व हे कारणच उरलं नाही, त्यामुळे २०२२ मध्ये पक्षाने ही पद्धत थांबवली. २०२४ च्या निवडणुकीत ६५० पैकी २६३ महिला निवडून आल्या.

आपल्याकडे काय?

भारतात पंचायत-पालिकांत जागाच राखीव असतात. कर्नाटक आणि महाराष्ट्रात पंचायतींत हे प्रमाण ५० टक्के आहे. विधानसभेला तशी सोय नसल्याने बेळगाव जिल्ह्यातल्या १८ जागांपैकी २०२३ मध्ये महिला आल्या फक्त दोन ठिकाणी : निपाणी आणि बेळगाव ग्रामीण. लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा राखणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण अंमलबजावणीला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट आहे.

तोवर सगळं पक्षाच्या हातात. २०१९ ला ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी ७ तिकिटं महिलांना दिली, त्यातल्या ५ जिंकल्या. तिथे पक्षाची ताकद होती. उलट २०२२ ला उत्तर प्रदेशात काँग्रेसने ४० टक्के तिकिटं महिलांना दिली, पण पक्षाच्या जागाच आल्या दोन आणि त्यात महिला एक.

म्हणून तिकीटयादी जाहीर झाली की महिला किती, एवढंच मोजून भागत नाही. त्या जागेवर मागच्या वेळी पक्षाला किती मतं पडली होती, तेही शेजारी लिहून बघावं. पक्षाचा इरादा तिथे लगेच कळतो.