बादशहाच्या अंगावरचा भगवा

अवधचा शेवटचा बादशहा वाजिद अली शाह कैसरबागेत भगवी कफनी घालून, राख फासून जोगी होऊन बसे, आणि गेरवे कपडे चढवून सारं लखनौ तिथे लोटे. हा जोगिया मेळा आला कुठून? लखनौतल्या आमच्या तेलीबागेत विचाराल तर उत्तर ठरलेलं: बादशहा शौकीन होता.

मला ते पटत नाही. मूळ पत्रिकेत आहे. 1822 साली हा मुलगा जन्मला तेव्हा ज्योतिषी म्हणाले, ग्रह वाईट आहेत, पोर जोगी होणार. तोडगा असा, की दर वाढदिवसाला त्याला जोग्याचा वेश चढवायचा. असंच भाकीत गौतम बुद्धाच्या वडिलांच्या, शुद्धोदनाच्या दरबारात झालं होतं. त्याने वैराग्य मुलाच्या नजरेसही पडू दिलं नाही. अवधच्या आईने ते वर्षातून एक दिवस अंगावरच घातलं.

काहींच्या मते हे सगळं रहसमधून, म्हणजे रासलीलेच्या खेळातून आलं. 1843 साली वाजिद अलीने राधा-कन्हैयाचा खेळ रचला होता, हे खरं. पण कन्हैयाला पीतांबर लागतो, राख नव्हे. दुसरा दावा वजनदार आहे. मीर हसनच्या 'सिहरुल बयान' या 1785च्या सुमाराच्या मसनवीत ज्योतिषी बजावतात, राजपुत्राला बाराव्या वर्षी घात आहे, गच्चीवर जाऊ देऊ नका. त्याला परी पळवते आणि वजिराची मुलगी जोगीण होऊन, बीन वाजवत त्याला सोडवायला निघते. भाकीत आणि जोगवेश एकाच गोष्टीत! पत्रिकेची हकीकत हिच्यावरूनच बेतली की काय, अशी शंका येते. पण मसनवीत वेश घेते ती सोडवणारी; ज्याच्यावर घात आहे, तो नव्हे.

ज्याच्यावर घात आहे त्यालाच वेश चढवायचा, ही रीत मोहरमची. नवसाच्या मुलाला इमाम हुसेनचा फकीर करायचं, चार दारी भीक मागायला लावायची. महाराष्ट्रातल्या कित्येक हिंदू घरांनीही हे पाळलं. शिया घरातल्या आईला ते नवं नव्हतंच. फकिराच्या हिरव्या वेशाच्या जागी भगवा आला, असंच मी मानतो.

मसनवीतली जोगीण पुढे लखनौच्याच अमानतच्या 'इंदरसभा' या नाटकात शिरली. तिथे सब्ज परी जोगीण होऊन इंद्रापुढे गाते आणि आपल्या प्रियकराला, गुलफामला सोडवते. पारशी नाटक मंडळ्यांनी हा खेळ गावोगाव नेला. पुण्यात तो पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' उभं केलं. दोनच वर्षांनी 'सौभद्र'. त्यातल्या अर्जुनाचा यतिवेश महाभारतातला, मान्य. पण मराठी रंगभूमीवर संन्यासी गाऊ लागला तो लखनौच्या वाटेने, यावर मी ठाम आहे.