दिनविशेष : २ ऑगस्ट
२०१७ : वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली ‘सयुरला’ ही गस्तीनौका कोलंबोत श्रीलंकेच्या नौदलात दाखल झाली. राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना समारंभाला उपस्थित होते. सुमारे १०५ मीटर लांबीची ही नौका खास श्रीलंकेसाठी नव्याने बांधलेली.

त्याआधी तिथे गेल्या त्या आपल्या वापरातल्या नौका. नौदलाची ‘शरयू’ २००० साली ‘सयुरा’ झाली. गोवा शिपयार्डमध्येच घडलेली तटरक्षक दलाची ‘वराह’ २००६ मध्ये ‘सागरा’ झाली. या जुन्या नौकांना कमी लेखू नये. २००७ साली तमिळ वाघांची शस्त्रवाहू जहाजे भर समुद्रात बुडवण्याच्या मोहिमेत दोघींनी मोठी कामगिरी बजावली. ‘सयुरला’ची जोडीदार ‘सिंदुरला’ही २०१८ मध्ये गोव्यातूनच रवाना झाली.