रंगाच्या पुटांतले दप्तर

१९४१ साली केंब्रिजच्या ‘पाय’ कंपनीने ब्रिटिश लष्कराच्या संशोधकांच्या सहकार्याने रणगाड्यांसाठी जो बिनतारी संच सिद्ध केला, आणि जो पुढे ‘एकोणीस नंबरचा संच’ एवढ्याच सरकारी नावाने आफ्रिकेच्या वाळवंटापासून रशियाच्या बर्फापर्यंत पोहोचला, त्याच्या अंतरंगाविषयी तंत्रज्ञांनी विपुल लिहून ठेवले आहे. एकाच पेटीत तीन यंत्रे नांदत होती: दूरच्या ठाण्याशी बोलण्याचे एक, सुमारे मैलभराच्या टप्प्यातील शेजारच्या रणगाड्याशी बोलण्याचे दुसरे, आणि इंजिनाच्या गडगडाटात रणगाड्यातल्याच माणसांना एकमेकांचे शब्द ऐकू यावेत यासाठी तिसरे. त्यातील व्हाल्व्हांचे क्रमांक हौशी मंडळींना तोंडपाठ असतात; परंतु ज्या रंगाने ऊन, पाऊस, वाळू आणि शत्रूची नजर यांपासून ती पेटी जपली, तो सहसा कोणाच्या खिजगणतीत नसतो, आणि जुना संच हाती आला की तो रंग खरवडून काढणे हेच जीर्णोद्धाराचे पहिले कृत्य समजले जाते.

मला हा रंग त्या यंत्राचे दप्तर वाटतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड बाहेर पडले. अशा कामात कागदावरील मजकुराइतकेच तो कागद कोणत्या रुमालात बांधलेला आणि कोणत्या कागदांच्या संगतीत सापडला याचेही मोल असते. तद्वत् कोणत्या पुटाखाली कोणते पूट आहे, हे पाहिल्यावाचून पेटीला रंगनाशक लावणे म्हणजे न वाचलेला रुमाल चुलीत घालणे होय.

या दप्तरातील सर्वांत रंजक प्रकरण सुरकुत्यांच्या रंगाचे. युद्धकाळातील अमेरिकन संदेशयंत्रे ज्यांनी जवळून पाहिली असतील, त्यांना तो काळा, खरबरीत, बोटाखाली बारीक घड्या लागणारा पृष्ठभाग आठवेल. वरकरणी ती शोभा वाटते. वस्तुतः ती कारखानदाराची सोय होती. गुळगुळीत रंग द्यावयाचा तर त्याखालचा पत्रा नीट घासावा लागतो, अस्तराचे हात द्यावे लागतात, आणि इतके करूनही पत्र्याला आलेली पोच तिरप्या उजेडात दिसल्यावाचून राहत नाही. सुरकुत्यांचा रंग मात्र असले सगळे दोष पोटात घालतो, आणि स्वतः चमकत नसल्यामुळे समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीपही येऊ देत नाही. त्याचे मर्म टुंग नावाच्या चिनी वृक्षाच्या बियांपासून निघणाऱ्या तेलात आहे. या तेलाचे रोगण, त्यात कोबाल्टचे क्षार घातले असता, वरच्या अंगाने झपाट्याने सुकते, परंतु आतला थर ओलाच राहतो. प्राणवायू शोषून फुगू पाहणाऱ्या वरच्या पापुद्र्याला पसरण्यास जागा मिळत नाही, म्हणून तो घड्या घालतो, आणि भट्टीच्या उष्णतेत त्या घड्या कायमच्या कठीण होतात. रोगण करणाऱ्या जुन्या कारागिरांच्या लेखी हा टुंग तेलाचा दोष होता. विसाव्या शतकात कोणाला तरी तो विकण्याजोगा वाटला, आणि दोषाचे द्रव्य होताच त्याच्या मालकीवरून तंटे उभे राहिले. ओहायो प्रांतातील डेटनची के अँड एस आणि न्यूयॉर्कची चॅडेलॉइड या दोन कंपन्यांनी १९३७ साली तडजोड करून आपापली पेटंटे ‘न्यू रिंकल’ नावाच्या तिसऱ्याच संस्थेच्या हवाली केली, आणि त्या संस्थेने देशभरातील रंगउत्पादकांना परवाने दिले ते किमान विक्रीदराचे बंधन घालूनच. परवानेदारांची संख्या दोनशेच्या वर गेली. म्हणजे हा रंग करणारा जवळजवळ प्रत्येक कारखाना त्या मक्त्याखाली आला. पेटंटांची अशी मोट बांधून दर ठरविणे हा मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याचा भंग होतो, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली दिला. पण तोवर युद्ध संपून सात वर्षे लोटली होती, आणि घड्या पडलेल्या असंख्य पेट्या जगभरच्या कोठारांतून पडून होत्या.

त्या तेलाची वाटचाल अधिकच विलक्षण आहे. अमेरिकेस लागणारे टुंग तेल मुख्यतः चीनमधून येई. १९३७ साली जपानने आक्रमण करून किनाऱ्यावरची बंदरे एकामागून एक घेतली, तेव्हा चीन सरकारपाशी तारण ठेवण्याजोग्या ज्या थोड्या जिनसा उरल्या, त्यांत हे तेल होते. १९३८ च्या डिसेंबरात अमेरिकेने चीनला जे २॥ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, त्याची फेड टुंग तेलाने व्हावयाची होती, आणि म्हणून ते त्या तेलाच्याच नावाने ओळखले गेले. कुनमिंगपासून ब्रह्मदेशातील लाशिओपर्यंत डोंगर फोडून काढलेल्या रस्त्याने युद्धसामग्री आत जाई आणि परतीच्या मालमोटारींतून हे तेल बाहेर येई. १९४२ च्या एप्रिल अखेरीस लाशिओ पडले आणि तो मार्ग खुंटला. मग अमेरिकेतील रोगणाच्या कारखान्यांनी ज्या पर्यायांचा आश्रय केला, त्यांत आपल्या परिचयाचे एरंडेल होते. ब्राझील आणि हिंदुस्थान या दोन देशांतून एरंडी जगाच्या बाजारात जात असे. एरंडेल मुळात न सुकणारे तेल. परंतु योग्य द्रव्याच्या साहाय्याने तापवून त्याच्या रेणूंतील पाण्याचा अंश काढून टाकला की ते टुंगच्या जवळपास सुकू लागते. दिव्यात आणि आजीच्या औषधांच्या फडताळात ज्याची जागा ठरलेली, ते तेल अशा रीतीने लष्करी रोगणात शिरले.

ब्रिटनमध्ये टंचाई निराळ्या पदार्थाची होती. हिरव्या रंगासाठी लागणारा क्रोमियम ऑक्साइड दुर्मिळ झाल्यामुळे १९४२ साली लष्करी वाहनांचा मूळ रंग हिरव्याऐवजी तपकिरी करण्याचा हुकूम निघाला, आणि १९४४ साली अमेरिकेकडून आलेल्या वाहनांशी मेळ बसावा म्हणून तो पुन्हा बदलून ऑलिव्ह छटेचा करण्यात आला. जर्मनीत १९४३ च्या फेब्रुवारीत करड्या रंगाची जागा गडद पिवळ्याने घेतली. युद्धाच्या इतिहासात अशा हुकुमांना एखादी तळटीपही क्वचित मिळते. पेटीच्या अंगावर मात्र ते जसेच्या तसे उमटलेले असतात.

ज्या ब्रह्मदेशातून टुंग तेल बाहेर येत होते, त्याच ब्रह्मदेशात पुढे संदेशयंत्रांची खरी कसोटी लागली. पावसाळ्यातील जंगलात बुरशी तारांवरचे सुती वेष्टन खाई, मेण आणि चामडे खाई, कागदी चिठ्ठ्यांचा लगदा करी. रोहित्रांत ओल शिरे आणि यंत्र मुके होई. अशा यंत्रांवर काय अवलंबून असे, ते ब्रह्मदेशाच्या सीमेलगतच्या, मणिपुरातील सांगशाकच्या लढाईवरून कळेल. १९४४ च्या मार्चमध्ये तेथील टेकडीवर ५० व्या हिंदी छत्रीधारी ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन वेढ्यात सापडली असता, फोडून बाहेर पडण्याचा हुकूम २६ तारखेला त्यांना पोहोचला तो बिनतारी संदेशानेच. जंगलातील या अनुभवांतून ‘उष्णकटिबंधीय संस्कार’ नावाची नवी प्रक्रिया रूढ झाली: यंत्राचे अंतर्भाग सुकवून त्यांवर बुरशीनाशक मिसळलेले रोगण फवारावयाचे, आणि काम पुरे झाले की पेटीवर तारखेचा छाप मारावयाचा. अमेरिकन यंत्रांवर आढळणारी ‘एम. एफ. पी.’ ही अक्षरे ओल व बुरशी यांच्या प्रतिबंधाची निशाणी होत. पिवळसर रोगणाचा तो पापुद्रा आज कुरूप दिसतो, आणि जुन्या यंत्राला नवी झळाळी आणू पाहणारे पुष्कळजण सर्वांत आधी त्याच्यावरच हात चालवितात. मला ते अक्षम्य वाटते.

‘मूळ रंग’ परत आणल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सैन्यात यंत्र एकदाच रंगविले जात नाही. मोडले की ते कारखान्यात जाते, उघडले जाते, जोडले जाते, आणि त्या दिवशी जो रंग मंजूर असेल तो लेवून पुन्हा पलटणीत दाखल होते. हिंदी सैन्याच्या यांत्रिक दुरुस्तीसाठी स्वतंत्र अभियंता दल उभे राहिले ते १९४३ साली, आणि युद्ध संपल्यावरही असल्या कारखान्यांचे काम संपले नाही. १९४६ च्या मे महिन्यात झालेल्या करारान्वये अमेरिकेची या देशातील उरलीसुरली युद्धसामग्री हिंदुस्थान सरकारकडे आली; सरकारी निकास खात्यामार्फत तिचे लिलाव झाले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व चोरबाजारात लष्करी मीटर, व्हाल्व्ह आणि हेडफोन ढिगांनी दिसू लागले. १९३३ च्या कायद्याने असे यंत्र परवान्यावाचून जवळ बाळगण्यास मनाई असल्यामुळे कित्येक संच सुट्या भागांसाठी फोडले गेले. जे परवानाधारक हौशी मंडळींच्या हाती अखंड पोहोचले, त्यांतील काहींवर दिवाणखान्यात शोभावे म्हणून राखी रंगाचा हात फिरला. अशा पेटीवर राखीखाली कारखान्याचा हिरवा, त्याखाली तपकिरी आणि तळाशी अस्तराचा पिवळा असा क्रम निघाला, तर यांपैकी कोणाला मूळ म्हणावयाचे? माझ्या मते चारही पुटे मूळच आहेत. प्रत्येकाचा धनी आणि काळ तेवढा निराळा.

पुटे वाचण्याची रीत सोपी, परंतु सबुरीची आहे. पेटीच्या मागच्या अंगावर, सहसा नजरेस न पडणारी, रुपयाएवढी जागा निवडावी आणि पाण्यात भिजविलेल्या बारीक पॉलिश पेपराने ती गोल गोल घासत राहावे. मध्यभागी पत्रा उघडा पडेतो घासले की भोवती एकात एक वलये उमटतात: सर्वांत आतले वलय अस्तराचे, बाहेरचे शेवटच्या हाताचे. नामपट्टीचे स्क्रू काढून तिच्याखाली पाहिल्यास, ऊन न लागलेला रंग त्याच्या खऱ्या छटेत सापडतो. मुठीच्या वायसरखालीही तो तसाच टिकून राहतो. ही वलये छायाचित्रात टिपून मगच रंग उतरविण्याचा विचार करावा. मग प्रश्न येतो धातूचा. पोलादी पेटी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडविली तरी बिघडत नाही. ॲल्युमिनिअमचा सांगाडा त्याच द्रावणात फसफसून झिजू लागतो. उलट जर्मन हवाई दलाच्या कित्येक यंत्रांत वापरलेला मॅग्नेशिअमचा मिश्रधातू सोड्याला दाद देत नाही, पण आम्लाने मात्र क्षणात खरवडला जातो.

अक्षरांचा प्रश्न तितकाच नाजूक. दर्शनी फलकावर कोरलेली अक्षरे रंग उतरल्यावरही राहतात. त्यांत पांढरा रंग भरून वरचा जास्तीचा पुसून काढला की ती पूर्ववत् उठून दिसतात. छापलेली अक्षरे रंगनाशकाच्या पहिल्या हातातच नाहीशी होतात. एकोणीस नंबरच्या संचाच्या बाबतीत तर हा धोका फार मोठा, कारण रशियाला द्यावयाच्या मदतीसाठी कॅनडात व अमेरिकेत जे संच बनले, त्यांच्या फलकांवर प्रत्येक बटणाचे नाव इंग्रजीत आणि रशियनमध्ये असे दोन लिप्यांत दिलेले असे. ती मैत्री युद्धाबरोबर सरली, फलक राहिले.

या कामात जिवाला अपायही आहेत. जुन्या रंगात शिसे असते, ॲल्युमिनिअमवरच्या हिरवट-पिवळ्या अस्तरात कर्करोगकारक क्रोमेट असतो, बुरशीनाशक रोगणात पाऱ्याची संयुगे असू शकतात. कोरडा रंग घासून त्याची धूळ उडविणे म्हणून सर्वस्वी वर्ज्य. सर्वांत फसवी वस्तू म्हणजे अंधारात उजळणारी तबकडी. तिच्यातील प्रकाश देणारे जस्ताचे संयुग काही वर्षांतच निकामी होते, त्यामुळे तबकडी विझलेली दिसते. परंतु तिच्यातील रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षांचा असल्यामुळे किरणोत्सर्ग तसाच चालू असतो. असली तबकडी खरवडू नये, उघडूही नये.

इतके सारे पाहून-सवरून ज्याला यंत्र नव्याने रंगवावयाचेच असेल, त्याला मी अडविणार नाही, कारण लष्करी कारखान्यांनीही तेच केले. मात्र त्याने पेटीच्या आतल्या एका बाजूला जुन्या पुटांचा हातभर पट्टा अस्पर्शित ठेवावा, बुरशीप्रतिबंधाचा छाप असेल तर त्याला बोटही लावू नये, आणि त्याच्या शेजारी आपण दिलेल्या रंगाचे नाव, क्रमांक व तारीख पक्क्या शाईने नोंदवावी.